धाकू ओताऱ्याचा भाता

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्याला उगाच खोटं बोलायला लागेल. सह्याद्रीच्या पायथ्याशी खैरओझर नावाचं गाव होतं आणि त्या गावात धाकू ओतारी राहायचा. ओतारी म्हणजे धातू वितळवून देव, घंटा, समया ओतणारा. धाकूच्या हातात अशी काही कला होती, की त्याने ओतलेल्या नंदीपुढे गुरं मान खाली घालायची, असं म्हणतात. खरंखोटं त्या नंदीला माहीत.

एका साली गावात पटकीची साथ आली. घरटी एक तरी माणूस गेलं. धाकूची तुळसाही गेली, नुकते दुधाचे दात पडायला लागलेली पोर. जाताना पाणी पाणी करत होती. बायजाने, म्हणजे धाकूच्या बायकोने, फुलपात्राने तिच्या तोंडात पाणी घातलं. पहिला घोट गेला, दुसरा ओठांवरून ओघळला. हे कमी होतं म्हणून की काय, पाठोपाठ नदीला पूर आला आणि ग्रामदेवी ओझराईचा मुखवटा देवळातून वाहून गेला. गाव पार खचलं.

मग सगळ्यांनी बसून ठरवलं, नवा मुखवटा ओतायचा. तिथली रीत अशी, की देवीच्या मुखवट्यात घरोघरचा धातू पडला पाहिजे. फुटका तांब्या, तुटकी पळी, जे असेल ते. देवी सगळ्यांची, तर तिचं तोंडही सगळ्यांचं.

पण ओताऱ्यांचा एक नियम होता. भांडं मुशीत टाकण्याआधी विचारायचं, यातून कुणाला शेवटचं पाणी पाजलंय का? पाजलं असेल तर ते परत करायचं. मरणाऱ्याचा श्वास त्या भांड्यात अडकून राहतो, असं म्हणतात. धाकूने प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाने मान हलवून नाही म्हटलं, आणि अहो, सगळेच्या सगळे खोटं बोलले. आपलं माणूस देवीत राहू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. धाकूला काय ते कळलं नसेल? पण त्याच्याच पंच्यात फुलपात्र गुंडाळलेलं होतं, तो दुसऱ्याला काय बोलणार? त्याने सगळ्यांची भांडी मुशीत टाकली, आणि शेवटी आपलं फुलपात्रही टाकलं.

त्याने मेणाचा चेहरा घडवला, त्यावर मातीचे लेप दिले, भट्टीत मेण वितळवून काढलं आणि आतल्या पोकळीत लालभडक रस ओतला. माती फोडली तेव्हा आतून शांत, मिटल्या डोळ्यांचा मुखवटा निघाला. डोळे उघडायचे ते देवळात, सगळ्या गावासमोर. धाकूने छिन्नीने एक डोळा कोरला, मग दुसरा.

एक म्हातारी हळूच म्हणाली, "अगो बाई, हा तर माझा बाळकू."

शेजारचा म्हणाला, कसला बाळकू, ही माझी बायको आहे. तिसऱ्याला त्याचा भाऊ दिसला. ज्याने पाहिलं त्याला आपलं गेलेलं माणूस दिसलं. धाकूकडे तुळसा बघत होती, आणि तिचे ओठ सुकलेले होते.

सुरुवातीला गाव आनंदाने वेडं झालं. पण मग देवळातून कुणी उठेना. गोठ्यात गुरं हंबरायची, चुली थंडगार, पेरणीची वेळ निघून चालली. बायजाने तर तिथेच मुक्काम ठोकला. घरी तुळसाच्या पाठचं तान्हं होतं, सोनबा. त्याला बिचाऱ्याला धाकू बकरीचं दूध बोळ्याने पाजायचा, पण पोराच्या पोटात ते ठरेना. आधी ते दिवसभर रडायचं. मग त्याने रडणंही सोडलं. पोर घेऊन धाकू देवळात धावला, ते बायजाच्या मांडीवर ठेवलं.

"हाही जाईल गं," तो म्हणाला.

बायजाने मान वाकडी करून त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "जरा बाजूला व्हा ना. ती दिसत नाही."

धाकू सरळ गाभाऱ्यात शिरला आणि त्याने मुखवटा उतरवला. राघो गुरवाने त्याची वाट अडवली. देवी वितळवणार? निर्वंश होईल तुझा, असं तो म्हणाला. धाकू म्हणाला, "तो होतोच आहे," आणि त्याला ढकलून निघाला.

भर दुपारी त्याने भट्टी पेटवली. मुखवट्याच्या मागे मागे सगळं गाव आलं, बायजाही येऊन बसली, मांडीवर पोर आणि डोळे विस्तवात. धाकूने भागा घडशाला बोलावलं आणि बजावलं, ढोल वाजव, हात फुटला तरी वाजव, थांबू नकोस. कशाला, ते सांगितलं नाही. मग त्याने भाता ओढायला घेतला. मुखवटा तापला, लाल झाला. ढोलाच्या दणदणाटात कुणाला काही ऐकू गेलं नाही, पण भट्टीच्या तोंडाशी बसलेल्या धाकूला ऐकू आलं.

"बाबा, भाजतंय."

त्याचा हात थांबला. थांबणारच हो, बापच तो. निखारे काळवंडायला लागले. त्याने वळून पाहिलं. बायजाच्या मांडीवर सोनबाची मान लुळी पडली होती, आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. धाकूने पुन्हा भाता धरला.

"आहे गं बाळा," तो म्हणाला. "मी इथंच आहे."

ती हाक मारायची, तो ओ द्यायचा, आणि भाता ओढायचा. धातूचं पाणी होईपर्यंत हे चाललं होतं, असं म्हणतात. मग हाक बंद झाली. धाकूने हात वर केला, ढोल थांबला. त्या शांततेत सोनबा बारीकसं कण्हला. बायजाने दचकून खाली पाहिलं, तिची चोळी दुधाने भिजली होती. तिने पोराला छातीशी घेतलं आणि हंबरडा फोडला. मग सगळं गाव रडलं. पटकीच्या साली रडायचं राहून गेलं होतं, ते त्या दुपारी रडून घेतलं.

त्याच धातूचा धाकूने पुन्हा मुखवटा ओतला, पण त्याचे डोळे कोरले नाहीत. गावाला तो म्हणाला, की एका आगीत ही माणसं सुटायची नाहीत, दर साली वितळवावं लागेल. जिवंत होता तोवर भात्यावर तोच बसला.

अजूनही खैरओझरात शिमग्याच्या आधी एका दुपारी भट्टी पेटते. तिला धाकूची दुपार म्हणतात. ढोल असा वाजतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि तान्ही पोरं असलेल्या बायकांना मुद्दाम ढोलाजवळ बसवतात. भात्यावर दर साली वेगळ्या घरचा बाप बसतो. त्याला काही ऐकू येतं का, हे कुणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. आहे गं बाळा, इथंच आहे, असं म्हणताना त्याचे ओठ तेवढे हललेले दिसतात, आणि भाता चालू असतो.