गढूळ पाण्याचं मागणं

फार फार जुनी गोष्ट आहे. सांगणाऱ्यांची नावं विसरली, गोष्ट तेवढी राहिली. लहानांनी मांडीवर बसून ऐकावी, मोठ्यांनी हातातलं काम न सोडता ऐकावी.

एका राज्यात एक नदी होती. डोंगरातून निघायची, राजाच्या नगरावरून यायची आणि समुद्राला मिळायची. मिळायची तिथे वाळूच्या रुंद पट्ट्यावर एक गाव होतं. गावाच्या टोकाला आवडी नावाच्या सुनेचं घर, त्याला लागून देवीचं देऊळ. आवडीचा नवरा होडी घेऊन समुद्रावर जाई. म्हणून श्रावणातल्या दर सोमवारी ती नदीच्या मुखाशी ताज्या वाळूची पिंड करी, बेल वाही आणि म्हणे, "देवा, गेलेलं माणूस घरी आण."

एके वर्षी राजाने नगराच्या वर नदीला धरण घातलं. मोठं तळं झालं. रानं हिरवी झाली, उन्हाळ्यात गुरं पाण्याला महाग होईनात. राजाला लोकांनी दुवा दिला, आणि तो खोटा नव्हता.

खाली मात्र पुराला उसळत येणारी नदी आता बेताबेताने येऊ लागली. पाणी कसं? आरशासारखं. आवडीच्या सासूला कोण आनंद झाला. "आवडे, तुरटी फिरवायचं काम गेलं गं बाई! घागरीचा तळ दिसतोय."

पूर्वी पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवून ठेवली की सकाळी तळाला चार बोटं गाळ बसलेला असे. तोच गाळ सासू तुळशीवृंदावनाला लिंपायची.

तिसऱ्या श्रावणात आवडीची पिंड उभी राहीना. बारीक नवी वाळू आलीच नव्हती. उरले होते खडे आणि शिंपल्यांचा चुरा. ओंजळीने रचावं, तर ओघळून जाई. त्याच वर्षी समुद्र माडांपर्यंत आला. मग जाळी वाळवायची जागा गेली. मग तो आवडीच्या अंगणाच्या कुडाला लागला.

गावाने समुद्राला नारळ दिला, साडीचोळी दिली, सोन्याचं फूल वाहिलं. समुद्राने सगळं घेतलं आणि आणखी दोन पावलं पुढे आला.

शेजारीण म्हणाली, "दर्या कोपणार नाही तर काय? हिच्या हातची पिंड टिकत नाही. मनात काय आहे ते हिला ठाऊक." सासू ते ऐकून आत निघून गेली. ते आवडीला जास्त लागलं.

तिने उपास कडक केले. शेवटच्या सोमवारी तिला वाटलं, निदान तुळशीवृंदावनाला पडलेली भेग तरी बुजवावी. गाळासाठी तिने घागर ओतली, तळाला हात घातला. हात कोरडा नव्हता, पण स्वच्छ वर आला.

आवडी तिथेच बसली. एका घागरीत चार बोटं, तर अख्ख्या नदीत केवढा गाळ असेल? तो गेला कुठे?

"सासूबाई," ती म्हणाली, "समुद्र कोपला नाही हो. वाळू तो आधीही न्यायचाच. नदी पुन्हा आणून टाकायची. आता तीच रिकाम्या हाताने येते."

सासूने रिकाम्या घागरीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "मग माझं तोंड काय बघत बसलीस? जा राजाकडे. तुझा उपास मी धरते."

आवडी घागर घेऊन अकरा दिवस चालली. दरबारात तिने घागर पुढे ठेवली.

राजा म्हणाला, "बाई, पाणी तर मी सोडतोच आहे, तेही निवळशंख. आणखी काय हवं?"

"महाराज, आम्हाला गढूळ पाणी हवं."

दरबार खो खो हसला. कोणी म्हणालं, "हिला चिखलाचं आंदण द्या!"

आवडी शांतपणे म्हणाली, "माझी घागर लहान, तुमची मोठी. थांबलेल्या पाण्यात गाळ तळाला बसतो, एवढं चूल सांभाळणाऱ्या बाईला कळतं. धरणाच्या भिंतीपाशी एकदा वेळू घालून बघा."

राजा तळ्यावर गेला. तिथल्या नावाड्याने भिंतीपाशी लांब वेळू पाण्यात घातला. तीन वर्षांमागे तो अख्खा बुडत असे. आता निम्म्यातच रुतला. राजाचा चेहरा उतरला. तळं त्याने सात पिढ्यांसाठी बांधलं होतं.

"धरण मोडा म्हणायला मी आले नाही," आवडी म्हणाली. "तहानेचं पाणी ठेवा. आमची माती तेवढी जाऊ द्या. ती तुमच्या तळ्याला ओझं आहे आणि आमच्या पायाखालची जमीन."

राजाने भिंतीच्या तळाशी मोऱ्या पाडून घेतल्या. पुराचे दिवस आले की त्या उघडायच्या, तांबडं पाणी वाहू द्यायचं, मग मिटून तळं भरायचं, असा दंडक घातला. तळं उशिरा भरू लागलं, पण भरू लागलं.

आवडीचं घर मात्र त्याच वर्षी गेलं. देऊळही गेलं. देवी डोक्यावर घेऊन गाव मागे सरकलं. वाळू काही एका पुरात येत नाही. ती वर्षावर्षाने, ओंजळीओंजळीने आली.

आवडीचे केस पांढरे झाले तेव्हा एका श्रावण सोमवारी ती नदीच्या मुखाशी बसली. बारीक, ओली, नवी वाळू. तिने पिंड रचली. पिंड उभी राहिली. शेजारीण, आता तीही म्हातारी, जवळ येऊन बसली. तिने बेलाचं पान पुढे केलं.

संध्याकाळी भरतीने पिंड नेली. आवडी हसली. "नेऊ दे. नदी आणतेय."

आवडीला जशी पायाखालची माती परत मिळाली, तशी ती सगळ्यांना मिळो.

बोध: वाहत्याला अडवून आपली तहान भागवावी, पण त्यातला पुढच्यांचा वाटा अडवू नये.