तेराव्या दिवसाचं कारण

रानात अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. साळिंदराने घोरपडीचं अंडी घालायचं बीळ बळकावलं. दाद मागायची मुदत दहा दिवसांची. घोरपड गव्याच्या न्यायसभेत पोचली तेराव्या दिवशी. उशीर झाला की तिथे एकेका दिवसाचं कारण द्यावं लागे.

“अकराव्या दिवशी काय झालं?” न्यायाला बसलेल्या गव्याने विचारलं.

“पाय मुरगळला, महाराज.”

“बाराव्या?”

“ओढ्याला पूर होता.”

“आणि आज?”

घोरपडीची मान खाली गेली. भर उन्हाळा होता, ओढा कोरडा ठणठणीत पडलेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आज सकाळपासून त्या जांभळीआड बसून ही दोन कारणं जुळवत होते.”



“आजचा दिवस माफ,” गवा म्हणाला. “आता आधीचे दोन पुन्हा सांग, बाई.”