नऊ मिनिटांची बैठक

एका विद्यापीठाच्या गावी एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. चाळीस वर्षे त्यांनी मुलींना खो-खो शिकवला. शिकवला तोही असा, की त्यांची जुनी शिष्या आज आजी झाली असली, तरी सुटलेल्या एसटीमागे धावताना ओळखू येते.

महामारी आली आणि विद्यापीठाला कुलूप लागले. मुली घरोघर पांगल्या. दोन वर्षांनी मैदान उघडले, तेव्हा संघाची कर्णधार हेमांगी सगळ्यांच्या आधी हजर झाली. एम. ए.चे तिचे शेवटचे वर्ष. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळण्याची ही अखेरची संधी. वसतिगृहाचा जिना चढताना आपल्याला धाप लागते, हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. दोन वर्षे तिने तास ऐकले ते गादीवर लोळून, उशीला मोबाइल टेकवून. जेवणाचे ताटही आई तिथेच आणून देई.

निवडीच्या दिवशी गुरुजींनी आठ मुलींना मधल्या पाटीवर, खेळात बसतात तसे उकिडवे बसवले. "एका डावाची नऊ मिनिटं अशाच तयारीत बसा," एवढेच म्हणून त्यांनी घड्याळ लावले. धावायला कुणाला सांगितलेच नाही. मुलींना हसू आले. बसायचे काय अवघड! गेली दोन वर्षे दुसरे केले काय होते?

तिसऱ्या मिनिटाला हसू मावळले. मांड्या लटपटू लागल्या, एकेक जण भुईवर बूड टेकू लागली. हेमांगीने पाचव्या मिनिटापर्यंत ओठ आवळून तग धरला. मग तीही हळूच टेकली. नेमक्या त्याच वेळी गुरुजी तिच्या मागे आले. पाठीवर थाप पडली, "खो!" ती उठायला गेली आणि दोन्ही हातांवर कोसळली. पाठोपाठ बाकीच्यांनाही खो मिळाला; त्या कशाबशा उठल्या, कोसळली ती एकटीच.

तिला रडूच फुटले. "गुरुजी, कुणी खो देतच नव्हतं, तर तयारीत बसायचं तरी किती वेळ?"

गुरुजी तिच्याशेजारी मातीतच बसले. बसताना त्यांचेही गुडघे कुरकुरले.

"दोन वर्षं हेच झालं बघ, पोरी. बाहेर रोग होता, घरात बसणं भागच होतं. त्यात तुमचा दोष नाही. आपल्या खेळातसुद्धा गडी जास्त वेळ बसूनच असतो. पण तो बसतो उठण्यासाठी. मागून खो येणार, ही त्याला खात्री असते. तुम्हाला तो कुणी दिलाच नाही. माझ्याकडे तुम्हा सगळ्यांचे नंबर होते. रोज सकाळी मी पाठवलं काय? तर फुलांची चित्रं! 'आज वीस बैठका मारल्यास का गं?' एवढं विचारायचं मला सुचलं नाही. मीसुद्धा बूड टेकूनच बसलो होतो."

मग खाली बघत ते म्हणाले, "स्पर्धा महिन्यावर आली. इतक्यात तुझ्या अंगात ताकद परतायची नाही. यादीत तुझं नाव घालता येत नाही मला. तुझं वर्ष गेलं, त्यात माझाही वाटा आहे."

हेमांगीने डोळे पुसले. गुरुजींवर रागवावे असे तिच्या मनात होते, पण त्यांचा चेहरा पाहून तिला ते जमले नाही.

महिन्याने संघ गाडीत बसून निघाला. हेमांगी हात हलवत फाटकापाशी उभी होती. वाईट वाटले नाही असे कसे म्हणावे? फार वाटले. गाडी दिसेनाशी झाल्यावर ती मैदानाकडे वळली. पहिल्या वर्षाच्या सहा मुली मधल्या पाटीवर उकिडव्या बसल्या होत्या. पंधरा दिवस वसतिगृहाची दारे रोज सकाळी ठोठावून, पांघरुणे ओढून तिनेच त्यांना इथवर आणले होते. त्यांच्या मांड्या आताच थरथरू लागल्या होत्या.

हेमांगी धावली. तिला धाप लागत होती. पण त्या सहांपैकी एकीलाही तिने खोची फार वेळ वाट पाहायला लावली नाही.