रानयक्षांची कडू पंगत

फार पूर्वी, माणसांनी अजून वाट पाडली नव्हती अशा एका रानात लांब कानांचे रानयक्ष राहत होते. रानयक्ष म्हणजे भारी आर्जवी जमात. फळ तोडण्याआधीसुद्धा ते झाडाची परवानगी मागत. जेवणाच्या बाबतीत तर त्यांचे दोन नियम अगदी पक्के होते. रांधणारीनं स्वयंपाक चाखायचा नाही, कारण चाखला की तो उष्टा झाला. आणि जेवणाऱ्यानं अन्नाला नावं ठेवायची नाहीत. पानात पडेल ते संपवायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, "तृप्त झालो." जो नावं ठेवील, त्याला रानाबाहेर काढत.

या यक्षांत एक म्हातारी सुगरण होती. सगळे तिला माई म्हणत. शरदातल्या मोठ्या पंगतीला कडूकंदाची खीर करायचा मान तिचा. कडूकंद नावासारखाच कडू. त्याचे पातळ काप करून वेताच्या टोपलीत भरायचे आणि टोपली रात्रभर वाहत्या झऱ्यात बांधून ठेवायची. पाणी कडूपणा घेऊन जातं, कंद मागे राहतो. मग हरणीच्या दुधात मध घालून तो शिजवायचा.

पण गेली काही वर्षं एक काळजी माईला आतून पोखरत होती. पूर्वी पोरं पातेलं चाटायला भांडत, आता जेवण उरकलं की पसार होत. पूर्वी लोक "आणखी वाढ" म्हणत, आता द्रोणावर हात आडवा धरत. उठताना मात्र सगळे म्हणत, "तृप्त झालो, माई."

'माझ्या हाताची चव गेली,' माई मनाशी म्हणे. कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती. यंदाची पंगत झाली की पळी दुसरीच्या हाती द्यायची, असं तिनं ठरवलं, आणि ठरवताना तिचे डोळे भरून आले. सारं आयुष्य त्या पळीत गेलं होतं.

यंदा पंगतीला एक नवा पाहुणा होता. झऱ्याच्या उगमाकडे, डोंगरात, काही वर्षांपूर्वी बुटके राहायला आले होते. त्यांचा हा मुखिया. दाढी गुडघ्यापर्यंत, आवाज ढोलासारखा. माईनं वाढलेल्या खिरीचा त्यानं मोठा भुरका मारला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"अगं आई गं! माई, ही खीर आहे की कडुलिंबाचा काढा?"

यक्षांचा म्हातारा पुढारी उठला. "अन्नाला नावं ठेवलीस? ऊठ, चालता हो!"

माई पळी धरून उभी होती. ती गप्प राहिली असती, तर मुखिया गेला असता आणि तिचा मान राहिला असता. पण मग खरं काय ते तिला कधीच कळलं नसतं.

"थांबा," ती म्हणाली. खाली बसून तिनं मुखियाच्याच द्रोणातली खीर बोटानं जिभेवर ठेवली.

माईचे दोन्ही कान खाली पडले. "कडू जहर आहे. केव्हापासून?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी तिची शेजारीण पुटपुटली, "झाली की काही वर्षं."

"आणि तू दर वर्षी तृप्त होतेस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून गं! मी तर येताना पदरात मधाच्या पोळ्याचा तुकडा लपवून आणते."

"तू पण?" पलीकडून कुणीतरी ओरडलं. मग कुणाच्या बाहीतून, कुणाच्या पगडीतून मधाचे तुकडे निघाले. पुढाऱ्याच्या कमरेलाही पुडी होती! पंगतीत हसू फुटलं. माईला मात्र हसावं की रडावं कळेना.

"संपलं," ती म्हणाली. "या हातात आता काही राहिलं नाही."

"हाताचं राहू दे, माई," मुखिया म्हणाला. "कंद धुतेस कुठे?"

"झऱ्यात. पूर्वी पाण्याच्या ओढीनं टोपली नाचायची. आता पाणी जागचं हलत नाही."

मुखिया दाढी खाजवू लागला. त्याचा ढोलासारखा आवाज एकदम बसला. "ते आमच्यामुळे. भट्टीतलं तापलेलं लोखंड विझवायला वर बांध घातलाय आम्ही. पण तुम्ही कुणी बोलला कसे नाहीत?"

"शेजाऱ्याला नावं कशी ठेवायची?" पुढारी म्हणाला.

"अहो, आम्हाला वाटलं, तुम्हाला पाणी लागतच नाही!"

दुसऱ्याच दिवशी बुटक्यांनी बांधाला मोठी मोरी पाडली. माई काठावर बसून होती. आधी खळखळ ऐकू आली, मग टोपलीनं गिरकी घेतली आणि दोर ताणला. रात्र सरल्यावर माईनं खीर केली, आणि या वेळी आधी स्वतः चाखली. गोड! माई तिथेच मटकन बसली, रडली आणि रडता रडता हसली. हाताची चव कुठेच गेली नव्हती, गेलं होतं ते पाणी. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला.

पुढच्या शरदात, जुने दोन्ही नियम सोडून, पंगत बसली. शेजारणीनं भाजीचा घास घेतला आणि ती घुटमळली. "माई, राग मानू नकोस, पण मीठ कमी पडलंय."

"बरं झालं बाई, बोललीस!" म्हणत माई मिठाला धावली, आणि पंगत मोकळ्या मनानं जेवू लागली.

तात्पर्य: मन राखायला म्हणून ज्याच्यापासून आपण खरं लपवतो, त्याला आपणच एकटं पाडतो. खरं मायेनं सांगावं आणि धीरानं ऐकून घ्यावं.