सगुणाबाईचा तोकडा दोर

नगर जिल्ह्याच्या पूर्वेला काळेदरा नावाचं गाव आहे. चैत्र सरता सरता त्या गावी दानिएलबाबांचं येणं झालं, तेव्हाची ही हकिकत. बाबा म्हणजे प्रभू येशूची भजनं गात गावोगाव पायी हिंडणारे साधू. अंगात जाडाभरडा सदरा, खांद्यावर एकतारी, झोळीत एक पितळी वाटी. कुणी वाढलं तर जेवत, नाही वाढलं तर भजन म्हणून आडवे होत. त्यांच्या पायगुणानं किती मोडलेली घरं जुळली, किती दारुडे शुद्धीवर आले, ते सांगत बसले तर आजची सभा पुरायची नाही.

मंडळी, काळेदऱ्याची गोष्ट सांगताना सगळे धावत जाऊन चमत्काराशी पोचतात. दोर कसा पुरला, वाहवा, आणि झालं. मैनेचं नाव कुणी घेत नाही. मी ती घाई करणार नाही. देवाला काही जड जात नाही, जड जातं ते माणसाला, आणि ते आधी ऐकून घ्या.

काळेदऱ्यात गावकुसाबाहेर ख्रिस्ती मंडळींची आळी होती. पूर्वी ही माणसं गावच्या विहिरीवर घागरी घेऊन लांब बसायची. वरच्या जातीचं कुणी आलं आणि त्याला दया आली, तर तो वरून पाणी ओतायचा. नाही आली तर रिकामी घागर घेऊन घरी. त्या अपमानाला विटून त्यांनी प्रभूचं नाव घेतलं आणि स्वतःची विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी आळीतल्या बाया काठावर बसून रडल्या होत्या म्हणतात.

आणि त्याच विहिरीवर त्यांनी पुन्हा तेच केलं. आळीत सगुणाबाईचं एकच घर दोर वळणाऱ्यांचं. बाकीची घरं स्वतःला तिच्याहून वरची समजत. बाप्तिस्मा सगळ्यांनी एकाच नदीत घेतलेला. अंगावरचं पाणी वाळलं आणि जात जागच्या जागी राहिली. विहिरीचा दोर सगुणाबाईनंच घायपात कुटून वळून दिला होता. तो रोज विहिरीत जायचा, आळीभर पाणी पुरवायचा. पण त्या दोराला तिनं हात लावायचा नाही. तिनं निंबाखाली घागर घेऊन बसायचं, कुणी आलं तर ओतून घ्यायचं. हा नियम हनोखरावांचा. हनोखराव मंडळीचे वडील, म्हणजे चर्चमधले मुख्य पंच. प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांच्या ओठांना लावायचे, आणि दाराशी बसलेल्या सगुणाबाईच्या ओंजळीत वरून थेंबभर ओतायचे.

आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावी ख्रिस्ती मेळा भरला. सगळी आळी तिकडे गेली. सगुणाबाई विधवा, पदरी एकुलती एक लेक, मैना. लेकीला ताप भरला म्हणून सगुणाबाई मागे राहिली. पोर पाणी पाणी करू लागली. नदी कोरडी ठणठणीत. सगुणाबाई लेकीला खांद्यावर टाकून विहिरीवर आली आणि नेहमीच्या जागी बसली. कुणीतरी येईल म्हणून बसली. दुपार कलली तरी कुणी आलं नाही, आणि तिच्या मांडीवर मैनेनं मान टाकली. दोर समोर रहाटावर होता. आळीत कुणी नव्हतं. बघायलासुद्धा कुणी नव्हतं.

हनोखराव मेळ्याहून परतले आणि म्हणाले, "देवाची इच्छा." माणसाला आपलं पाप लपवायला देवाचं नाव किती सोपं पडतं बघा.

तरीही सगुणाबाई दर रविवारी चर्चच्या दाराशी येऊन बसायची. बाया कुजबुजायच्या, काय ही लोचट बाई. कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "म्या काय वडिलांकडं येती का? ज्याच्याकडं येती त्यो आत बसलाय."

असं वर्ष गेलं आणि बाबा आले. शनिवारची दुपार होती. उन्हातून चालून घशाला कोरड पडलेली. विहिरीपाशी निंबाखाली घागर घेऊन बसलेली बाई पाहून बाबा म्हणाले, "माय, पाणी पाजतेस का?"

"बसा बाबा. कुणीतरी येईल आन् वतंल."

बाबांनी विहिरीकडे पाहिलं, रहाटाकडे पाहिलं. "दोर आहे, बादली आहे. मग वाट कुणाची बघायची?"

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. मैनेपर्यंत आली आणि थांबली. मग स्वतःहूनच म्हणाली, "तुम्ही इचारणार, तवा पाणी का न्हाई वडलंस. समदे इचारत्यात. बाबा, हात म्होरं झालाच न्हाई. जनमभर न्हाई म्हणून शिकवल्याला हात, त्यो एकाएकी कसा म्होरं व्हणार? वडिलांना म्या शिव्या घालती. पर हात माझाच व्हता."

बाबांचे डोळे भरून आले. ते तिच्या शेजारी मातीत बसले, वाटी पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "माय, मीही बसतो. तुझ्या हातचं पाणी मिळालं तर पिईन."

थोड्या वेळानं आळीतल्या बाया आल्या, बादली ओढून बाबांपुढे आल्या. बाबांनी वाटीवर हात ठेवला. "या बाईनं ओढलेलं पिईन." बाया गोंधळल्या. बातमी हनोखरावांकडे गेली आणि ते तरातरा चालत आले.

"बाबा, तुम्ही साधू माणूस. पाणी प्या आणि घरी चला. ही भानगड आमच्या आळीची आहे."

"हनोखराव, गावच्या विहिरीवर तुम्हीही असेच बसत होतात ना?" बाबा शांतपणे म्हणाले.

हनोखरावांचा चेहरा काळवंडला. चार बायांसमोर कुणी जुनी जखम उघडी केली की माणूस एकतर रडतो नाहीतर चवताळतो. ते चवताळले. "एका दोरवाळीच्या हट्टापायी मंडळी फोडायला आलात का? तिच्या हातचं प्यायचंय? मग राहा तहानलेले. तुमचा येशू पाणी घेऊन येतोय का बघू." हसले आणि आळीकडे तोंड करून म्हणाले, "दोरापायी एवढं चाललंय ना? मग दोरच नको." कमरेच्या कोयत्यानं त्यांनी रहाटावरचा दोर मधोमध तोडला. अर्धा विहिरीत पडला, अर्धा त्यांनी सगुणाबाईच्या पुढ्यात फेकला. घरून मागवलेला बाजारचा नवा दोर स्वतःच्या हातानं रहाटाला बांधला आणि घरी गेले. सगुणाबाईनं आपला तुकडा गुंडाळून मांडीवर घेतला.

बाबा तिथून उठले नाहीत. सकाळी ऊन चढू लागलं तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते आणि पायांत उभं राहण्याचं त्राण नव्हतं. सगुणाबाई शेजारी तशीच. "बाबा, माझ्यापायी मरू नगा," ती म्हणत होती आणि हात मांडीवरून हलत नव्हता.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. वर चर्चमध्ये ढोलकी-झांजांवर भजनं सुरू झाली. प्याला विसळायचं पाणी वडिलांनी स्वतः आणायचं, अशी काळेदऱ्याची रीत. हनोखराव धुतलेलं धोतर नेसून आले, दोघांकडे न बघता बादली सोडली आणि ओढताना मागे रेलले. आदल्या दिवशी रागारागात मारलेली गाठ सुटली, तोल गेला, आणि दोर, बादली, हनोखराव सगळं एकदम विहिरीत गेलं.

खाली पाणी खोल. त्यांना पोहता येत नव्हतं. भिंतीतल्या एका दगडाला दोन्ही हातांनी लोंबकळत ते ओरडू लागले. वर ढोलकीच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. बाबांनी उठायचा प्रयत्न केला आणि ते पडले. चर्चपर्यंत पळत जाऊन माणसं आणायची, तोवर दगडावरचे हात सुटले असते.

सगुणाबाई काठाशी गेली आणि खाली वाकली. "वडील," ती म्हणाली, "माझ्यापाशी दोर हाय. त्याचा इटाळ व्हतो ना?"

खालून हनोखराव रडत म्हणाले, "सगुणाबाई, हात सुटतायत." जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला बाई म्हटलं.

ती बाबांकडे वळली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. "बाबा, मला सांगू नगा दोर टाक म्हणून. माझी मैना हितंच पाण्यावाचून गेली."

"मी नाही सांगत," बाबा म्हणाले. "कुठल्या तोंडानं सांगू?" आणि जमिनीवर पडल्या पडल्या ते हुंदके देऊ लागले.

सगुणाबाई उभी राहिली. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. दोरावर ठेवलेला, बोटं मिटलेली, हलत नसलेला. तीच विहीर, तोच हात. खाली पाण्यात कुणीतरी मरत होतं आणि हा हात पुन्हा तसाच पडला होता. मंडळी, त्या क्षणी तिला हनोखरावांची दया आली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिला त्या हाताची शिसारी आली.

ती मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, मला ह्याला वाचवायचं न्हाई. वाचवायचं आसंल तर तू वाचव. दोर तेवढा माझा घे."

आणि तिनं दोर टाकला. तुकडा अर्ध्या विहिरीलाही पुरणारा नव्हता, तिलाही ते माहीत होतं. पण हनोखरावांच्या अंगावर दोराचं टोक पडलं. त्यांनी तो कमरेला गुंडाळून गाठ मारली. अंगानं भरलेला तो माणूस, आणि उपाशीतापाशी बाई. सगुणाबाई पुढे सांगायची, रोजच्या बादलीएवढंच वजन लागलं. रोजच्या बादलीचं वजन तिला त्याआधी कधीच कळलेलं नव्हतं, हे सांगताना ती हसायची नाही.

हनोखराव काठावर येऊन पडले. बाजारचा दोर बादलीसकट त्यांच्या पायांत गुरफटून वर आला होता. वडील का आले नाहीत म्हणून मंडळी शोधत आली, तेव्हा ते बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला सरपटत निघाले होते. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या नाही, हनोखराव," ते म्हणाले.

सगुणाबाईला बाबांची तहान आठवली. तिनं बादली आपल्या दोराला बांधली आणि विहिरीत सोडली. दोर संपला आणि बादली अधांतरी राहिली, पाण्यापासून दोन-तीन पुरुष उंच. मंडळी वाकून पाहत राहिली. जो दोर मघाशी पाण्यापर्यंत पोचला होता, तो आता अर्ध्यातच लोंबत होता. तेव्हा हनोखराव उठले. त्यांनी आपला नवा दोर तिच्या तोकड्या दोराला जोडला, गाठ ओढून पाहिली, आणि बाजूला होऊन तिला जागा दिली. सगुणाबाईनं पाणी ओढलं. आळीसमोर, भर उजेडात, स्वतःच्या हातानं.

बाबांनी वाटी पुढे केली. सगुणाबाई म्हणाली, "बाबा, दम धरा. तुमच्या आदुगर एक जण बसलीया."

बाबांनी वाटी खाली ठेवली.

तिनं घागर भरली. हनोखरावांनी ती उचलून खांद्यावर घेतली आणि तिच्यामागे निघाले, ज्या घागरीला त्यांचं बोटही कधी लागलं नव्हतं ती. ओढ्याकाठी बाभळीखाली मातीचा एक लहानसा उंचवटा होता. सगुणाबाईनं घागर घेतली आणि सगळी तिथे ओतली. माती पाणी पीत राहिली. हनोखराव गुडघ्यांवर बसले आणि त्या चिखलावर त्यांनी कपाळ टेकलं. "मला क्षमा कर, बाई," ते म्हणाले.

"आजून माझ्यापाशी न्हाई, वडील," सगुणाबाई म्हणाली. "प्रभूकडं मागतिया. त्यानं दिली की तुम्हाला आणून दीन."

ती विहिरीवर परतली, पुन्हा पाणी ओढलं आणि बाबांच्या वाटीत ओतलं. बाबा ते प्यायले. त्या दिवशी प्याला आधी सगुणाबाईच्या ओठांना लागला, मग तिच्यामागे हनोखरावांच्या. ते चर्चमध्ये आले तेव्हा कपाळावरचा चिखल त्यांनी पुसला नव्हता.

आता आमेन म्हणा, मंडळी. पण मैनेचं नाव घेऊन म्हणा.