आचार्यांच्या अंगठ्यावरचा यक्ष

पूर्वी कर्दमपूर नगरात राजा अरिंदमाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व भद्रिल या नावाने जन्मले. या जन्मात त्यांनी एकच विद्या शिकायला घेतली आणि तीही अर्धी सोडली.

ती विद्या अंजनाची. तुपात खललेले काजळ अंगठ्याच्या नखाला फासायचे, उन्हात बसायचे आणि त्या काळ्या चकाकीत यक्ष दिसेपर्यंत टक लावून बघायचे. नगरातले आचार्य पिप्पलक यात पारंगत होते. वीस वर्षे त्यांना धूमकेश नावाचा यक्ष दिसत होता. यक्षाच्या आवडीनिवडी ठाम होत्या. थंडीत त्याला खीर लागे, घोंगडी जाड लागे आणि दुपारी आसपास कोणी मोठ्याने बोललेले खपत नसे. आचार्यांचेही तसेच होते. पण हे जुळते आहे असे म्हणण्याची त्यांच्या मठात पद्धत नव्हती.

आचार्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यामुळे यक्षाची डावी बाजू त्यांना कायम धूसर दिसे. मग परीक्षेत शिष्यांना तेच विचारले जाई, "डावी बाजू धूसर दिसली का?" ज्याला दिसली तो उत्तीर्ण. चांगले दोन्ही डोळे शाबूत असलेली माणसे "हो, अगदी धूसर" म्हणून मोठ्या पदांवर चढली. राजाचे दोन वृद्ध अमात्य त्यांतलेच.

भद्रिलाने चार वर्षे आचार्यांची धोतरे धुतली आणि शेवटी परीक्षेला बसला.

"काय दिसलं?"

"माझं नाक, आचार्य."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. थोडं वाकडं आहे."

त्याच दिवशी तो मठातून बाहेर पडला आणि उत्पली नावाच्या कुंभारणीकडे माती तुडवायला लागला.

उत्पली विधवा होती. मडकी भाजायचा तिचा आवा मठापासून नगराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. तेवढाच तिचा आधार. एकदा आचार्यांना खोकला झाला. होमात ते ओली लाकडे जाळत. पण स्वतःच्या धुराचा संशय कोणाला येतो? त्यांनी अंजन पाहिले. धूमकेश म्हणाला, कुंभारणीच्या आव्याच्या धुराने माझा जीव गुदमरतो, तो आवा पाडा. राजाने लगेच हुकूम काढला.

उत्पली भद्रिलाला घेऊन दरबारात धावली.

"महाराज, आवा पाडलात तर मी जगू कशावर? कच्ची मडकी चावू?"

"बाई, यक्षाशी हुज्जत घालू नकोस," आचार्य म्हणाले. "एकवीस दिवस त्याला श्वास घेता येत नाहीये."

भद्रिल पुढे झाला. "एकवीस दिवस? आजसुद्धा?"

"आजसुद्धा!"

"मग महाराज, एवढंच करा. यक्षालाच विचारू द्या, आत्ता त्या आव्यात काय आहे."

आचार्यांनी अंगठा उन्हात धरला. "ज्वाळा आहेत. लालभडक."

"दुसरं काही?"

"ज्वाळा म्हटलं ना, गाढवा!"

"मलाही दिसतात," एक अमात्य म्हणाला. दुसरा तर खोकलासुद्धा.

राजा उठला. "चला, बघू."

आवा गार पडला होता. राजाने त्याच्या तोंडातून हात आत घातला, तेव्हा कोणीतरी तो चाटला. आत एक कुत्री पाच पिल्लांना घेऊन पडली होती.

"एकवीस दिवसांमागे आत शिरून व्याली, महाराज," उत्पली ओशाळून म्हणाली. "पिल्लांचे डोळे आत्ता कुठे उघडलेत. पेटवू कशी? तेव्हापासून उसनं पीठ आणून खातेय."

"ही यक्षाची माया आहे!" आचार्य ओरडले आणि त्यांनी अंगठा पुढे केला. नेमके त्याच वेळी एक पिल्लू दुडदुडत डावीकडून आले. आचार्यांना ते दिसले नाही. तुपाचा वास मात्र पिल्लाला आला. त्याने अंगठा चाटला, पुन्हा चाटला आणि काळी जीभ बाहेर काढून ते समाधानाने बसले. नख स्वच्छ झाले होते.

"आचार्य," राजाने विचारले, "धूमकेश आता कुठे आहे?"

लोक हसून लोळू लागले. राजा मात्र संतापला होता. "मुंडण करून गाढवावरून धिंड काढा यांची!"

भद्रिलालाही क्षणभर तेच हवे होते. चार वर्षांची धोतरे त्याला आठवली. पण आचार्य खाली बसले होते आणि आपल्या नखाकडे बघत होते.

"मग वीस वर्षं मी कोणाशी बोलत होतो रे?"

भद्रिल त्यांच्याजवळ बसला. "स्वतःशी. डोळे मिटले की मलाही माझी गेलेली आई दिसते, बोलतेसुद्धा. ती माझ्या आतच आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून ती खोटी होत नाही. पण तिचं नाव सांगून मी कोणाचा आवा पाडत नाही. धूमकेशाने तुम्हाला ठाऊक नसलेलं कधी काही सांगितलं? तुम्हाला नको असलेलं कधी मागितलं? खीर हवी होती तर खीर मागायची, आचार्य. आम्ही दिली असती."

मग तो राजाला म्हणाला, "महाराज, धिंड नको. यांना कोरडी लाकडं द्या."

राजाने ऐकले. आवा वाचला. आचार्यांनी ते पिल्लू घरी नेले, त्याचे नाव धूमकेश ठेवले आणि खीर दोघांनी वाटून खाल्ली. अमात्यांना मरेपर्यंत ज्वाळा दिसत राहिल्या.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली तेव्हा समोर स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, खेमंकर बसले होते. धाकट्या भिक्षूंनी आपल्याला दिवसभर पंख्याने वारा घालावा, असे त्यांना एका देवतेने नुकतेच सांगितले होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचे आचार्य म्हणजे हे खेमंकर. ते दोन अमात्य म्हणजे यांच्यामागे बसून माना डोलावणारे हे दोघे. राजा म्हणजे हा विहार बांधणारे गृहपती. उत्पली म्हणजे आपल्याला माठ देणारी उपासिका सोमा. पिल्लू म्हणजे आत्ता हसू दाबत पंखा हलवणारा तो धाकटा भिक्षू. आणि भद्रिल मीच होतो."

खेमंकरांनी मागे न बघता हात पुढे केला आणि पंखा स्वतःकडे घेतला.

आत उमटलेले आत ओळखणे आणि त्याचा भार दुसऱ्याच्या घरावर न टाकणे, हीच प्रज्ञापारमिता, शहाणपणाची परिपूर्णता.