मूठभर कंद

जनावरं सभा भरवून भांडायची, त्या काळातली ही गोष्ट. साळू साळिंदरीचा म्हातारा बाप अंथरुणाला खिळला. काटे चुकवत त्याची पाठ चोळता चोळता तिचा दिवस सरायचा आणि स्वतःसाठी कंद उकरायला वेळच उरायचा नाही. शेवटी ती सभेत उभी राहिली.

"घरटी मूठभर कंद सामाईक बिळात टाकूया. म्हाताऱ्यांचं करणाऱ्याचं पोट त्यातून भरेल."

"मी नाही टाकणार," झिपरोजी अस्वल म्हणाला. "मी कुठे म्हातारा होणार आहे?"

यावर दुपार कलेपर्यंत वाद चालला. मग सगळे उठले, पण झिपरोजीला उठताच येईना. त्याची कंबर धरली होती.

"साळूबाई," तो हळूच म्हणाला, "माझ्या दोन मुठी धरा. पण आधी मला धरा."